वरातीच्या लॉरीचं दुखणं

कल्तूमला झोपेतसुद्धा इंजिन ऐकू येतं, असं नहूदच्या लॉरी-अड्ड्यावरचे ड्रायव्हर सांगायचे, तेव्हा मला ती थापच वाटायची. मी गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा सुटली की अड्ड्यावरच्या कडुनिंबाखाली तिच्या चहाच्या शेगडीपाशी जायचं, दोरीनं विणलेल्या बुटक्या स्टुलावर टेकायचं आणि आलं घातलेली कॉफी किंवा लाल चहा घ्यायचा, हा माझा रोजचा शिरस्ता. ती केटली उचलता उचलता मध्येच थांबायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "हमदान आला. गिअर अजून दुरुस्त केला नाही मेल्यानं." बघावं तर अड्ड्याच्या पार पलीकडच्या टोकाला हमदानची लॉरी नुकती वळत असायची.

हे कसं जमतं, असं एकदा मी तिला विचारलंच. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या वर्गात एखादं पोर गप्प झालं तर तुम्हाला कळतं की नाही? तसंच हे."

पण ते तसंच नव्हतं. तिनं ते शिकण्यात आठ वर्षं घातली होती. तिचा नवरा जादल्ला लॉरीत भुईमूग आणि डिंक भरून ओबेदच्या बाजाराला जायचा, आणि लग्न झाल्यापासून कल्तूम त्याच्या शेजारी बसून जायची. घरात सासू नव्हती, मूल झालं नाही, मग एकटी राहून करायचं काय? त्यांच्या लॉरीची बॅटरी कायमची मेलेली. एकदा इंजिन बंद पडलं की ढकलायला वीस माणसं लागायची, आणि वाळवंटात वीस माणसं आणायची कुठून? म्हणून मुक्काम पडला तरी इंजिन चालूच ठेवायचं. जादल्ला चाकाशेजारी घोंगडी पसरून घोरायचा, आणि केबिनमध्ये आडवी झालेली कल्तूम आवाजावर कान ठेवून झोपायची. आवाज बदलला की त्याला उठवायचं, हे तिचं काम. आठ वर्षांत एकदाही गाडी रस्त्यात बंद पडू दिली नाही तिनं.

पुढं जादल्ला कमवायला लिबियात गेला, कुफ्राला. त्या काळी आमच्याकडचा निम्मा तरुण गाव तिकडंच होता. सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हाती त्याची कॅसेट आली. पत्र लिहिण्याऐवजी लोक तेव्हा कॅसेट बोलून पाठवत. शेजारपाजारच्या बायका टेपरेकॉर्डरभोवती बसल्या. जादल्ला सांगत होता की तब्येत बरी आहे, मालक भला आहे, गाडी कोरी नवी आहे. त्याच्या बोलण्यामागं इंजिन चालू होतं. बायका डोळे पुसत होत्या. कल्तूमनं कॅसेट मागं घेऊन तीनदा ऐकली आणि म्हणाली, "खोटं बोलतोय. गाडी जुनाट आहे. चार नंबरचं नोझल गळतंय तिचं."

दुसरी कॅसेट आलीच नाही. एक वर्ष वाट पाहून कल्तूमनं कोळशाची शेगडी, दोन केटल्या आणि सहा स्टुलं घेतली आणि अड्ड्यावर बसली. दुःखाबद्दल ती कधी बोलली नाही. गाड्यांबद्दल मात्र दिवसभर बोलायची. तिच्या समोरच उस्ताद ताजस्सिरचं गॅरेज होतं. नहूदमध्ये त्याच्या तोडीचा मिस्त्री नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं माहीत होतं. दोघांची जुगलबंदी अड्डाभर गाजायची. तो ओठाखाली तंबाखू दाबून म्हणायचा, "कल्तूम, तू साखर बघ, मी पाना बघतो." ती म्हणायची, "साखर मी बघतेच उस्ताद, म्हणून तर माझं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन परत येत नाही."

त्या जानेवारीत ताजस्सिरला हा टोमणा फारच झोंबत होता. कारण बिशाराची लॉरी.

बिशारा माझा बालमित्र. लॉरी त्याच्या बापाची, वयानं बिशारापेक्षा दोनच वर्षांनी लहान. महिनाभर तिला एक विचित्र दुखणं जडलं होतं. रेस दिली की बरी चालायची, पण पाय काढला आणि इंजिन संथ चालीवर आलं की थरथरायला लागायची. मिसिंग मारायची, खोकायची, सगळी बॉडी हिंदकळायची आणि मध्येच दम सोडून बंद पडायची. ताजस्सिरनं सिलिंडरात डिझेल फवारणारी नोझलं काढून साफ केली. गाडी तीन दिवस बरी चालली, पुन्हा तेच. फिल्टर बदलला, दोन दिवस बरी, पुन्हा तेच. टॅपेट लावले, पंप उघडून बसवला. दर वेळी बिशारा खूश होऊन गाडी न्यायचा आणि आठवडा सरायच्या आत तोंड पाडून परत यायचा.

आणि अशात त्याचं लग्न आलं.

गुरुवारची वरात. नवरी चाळीस मैलांवरच्या उम्म हशाबची. सूर्य मावळायच्या आत पोचायचं, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं. बिशारानं हट्ट धरला होता की आपल्या लग्नाला आपलीच लॉरी न्यायची, आणि चालवणार ताजस्सिर. मी नवरदेवाचा वजीर. वजिराचं काम एकच: नवरदेवाची सावली होऊन राहायचं आणि त्याला कशालाही हात लावू द्यायचा नाही. त्याच्या हातापायांना काळीभोर मेंदी, मनगटात लाल रेशीम, कपाळावर सोन्याची चंद्रकोर, हातात आज्याची तलवार. अशा थाटात तो केबिनमध्ये बसला होता. मागं गोणपाटांवर चाळीस बायका दलूका, म्हणजे मातीची ढोलकी, बडवत गात होत्या. केबिनच्या टपावर परतीसाठी जपून ठेवलेलं डिझेलचं एक पिंप बांधलं होतं.

ताजस्सिरनं गाडी चालू केली. बायकांनी किलकाऱ्या दिल्या. त्यानं रेसवरचा पाय काढला आणि गाडी हिवतापाच्या रोग्यासारखी हुडहुडायला लागली. दलूका वाजवणारीच्या मांडीवरून दलूका घरंगळली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

"आज नको गं बाई," टपाजवळ उभी असलेली बिशाराची आई हाजा बतूल कळवळली. "उस्ताद, पहाटे तर म्हणालात झाली म्हणून."

"झालीच होती हाजा," ताजस्सिर खाली उतरत म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "रेस देत देत नेऊ शकतो. पण वाळूत चाल मंदावली आणि बंद पडली, तर तिथं ढकलायला वऱ्हाडच उतरवावं लागेल."

बिशारा दार उघडून निघालाच होता. मी त्याची बाही धरली.

"सोड मला. माझी गाडी आहे."

"आज ती तुझी नाही. आज तू हाताला ग्रीस लावलंस तर तुझी आई मला जिवंत सोडणार नाही."

तेवढ्यात कल्तूम आली. शेगडीवर केटली तशीच ठेवून, ओढणी सावरत, गर्दीतून वाट काढत. "पुन्हा चालू करा उस्ताद," ती म्हणाली. मग वर बघून ओरडली, "आणि तुम्ही जरा गप्प बसा गं. लग्न मिनिटभर थांबलं तर नवरी म्हातारी होणार नाही."

दलूका थांबली. गाडी चालू झाली. कल्तूमनं मडगार्डवर तळहात ठेवला, मान तिरकी केली आणि डोळे मिटले. अड्ड्यावरचे शंभर लोक तिच्या तोंडाकडं बघत होते.

"तीन नंबर," ती म्हणाली. "तिसरा सिलिंडर मेलाय."

ताजस्सिर हसला नाही. त्यानं पाना घेतला आणि इंजिन चालू असतानाच पहिल्या नोझलच्या नळीचा नट ढिला केला. डिझेल फुरफुरलं, त्या सिलिंडरचं अन्न तुटलं आणि इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे पहिला सिलिंडर काम करत होता. नट आवळला. दुसरा सोडला, तसंच लंगडलं. आता तिसरा. कल्तूमचं म्हणणं खरं असतं, तर मेलेल्याचं अन्न तोडून काहीच फरक पडायला नको होता. पण नट ढिला होताच इंजिन पहिल्या दोन वेळेसारखंच लंगडलं. चौथा, पाचवा, सहावाही तसाच.

"सहाही जिवंत आहेत कल्तूम," ताजस्सिर म्हणाला.

वरून कुणीतरी फिस्सकन हसलं. "मावशी, केटलीला विचारून ये," एक ड्रायव्हर म्हणाला आणि अड्डा खदखदला. कल्तूमचा चेहरा उतरला. ती परत गेली आणि स्टुलावर बसली. मला इतकं वाईट वाटलं की बिशाराला सोडून मी तिच्यापर्यंत गेलो. ती निखारे ढोसत बसली होती. खरं तर शेगडीला त्याची काही गरज नव्हती.

"चुकले मी मास्तर," ती म्हणाली. "आठ वर्षं एकाच गाडीचा आवाज ऐकला, म्हणून वाटलं सगळ्या तशाच बोलतात." तिनं आणखी एक निखारा ढोसला. "पण सहाही सारखेच आजारी कसे हो? घरातलं एक माणूस आजारी पडलं तर ते त्याचं दुखणं. सगळं घर एकदम आजारी पडलं तर?"

"तर जेवणात काहीतरी," मी सहज बोललो.

तिनं निखारे ढोसणं थांबवलं. बोटांवर मोजायला लागली. "पहिल्यांदा गाडी बरी झाली, तो शनिवार. दुसऱ्यांदाही शनिवार. टॅपेट लावले तेव्हाही. मास्तर, शनिवारी काय असतं?"

शनिवारी काय असतं हे नहूदमध्ये कोणालाही विचारावं लागत नसे. त्या वर्षी डिझेल रेशनवर होतं आणि वाटप शनिवारी व्हायचं. सगळ्या लॉऱ्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि कल्तूमच्या दोन्ही केटल्या त्या दिवशी खाली उतरत नसत. ताजस्सिर आठवडाभर गाडी दुरुस्त करायचा, बिशारा शनिवारी टाकी भरून घ्यायचा, आणि दोघांनाही वाटायचं की गाडी दुरुस्तीनं बरी झाली.

कल्तूम उठली ती जवळजवळ पळतच. मी तिच्या मागं.

"उस्ताद, टाकीत किती आहे?"

"अर्धीच्या खाली. का?"

"भरलेल्या टाकीवर ही कधी थरथरली आहे का? एकदा तरी?"

ताजस्सिरनं तंबाखू थुंकली. केबिनमधून बिशारा ओरडला, "नाही. आईशप्पथ नाही. मंगळवारनंतरच नाटकं करते."

ताजस्सिरनं वाकून टाकीकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "हवा," तो हळूच म्हणाला. "टाकी रिकामी होत जाते तशी ही कुठूनतरी हवा ओढते. पण मी सगळे जोड बघितलेत. एकही ओला नाही."

"आधी गाडीकडून वदवून घ्या," कल्तूम म्हणाली. "टाकी बाजूला ठेवा. वरच्या पिंपातून पाजा तिला."

मग जी धावपळ उडाली ती मी जन्मात विसरणार नाही. गॅरेजातून रबरी नळी आली. तिचं एक टोक टपावरच्या पिंपात सोडलं, दुसऱ्या टोकाला ताजस्सिरनं स्वतः तोंड लावून ओढ घेतली, तोंडभर डिझेल आलं तसं खाकरून थुंकलं आणि नळी सरळ इंजिनाच्या पंपाला जोडली. आता टाकीचा संबंधच नव्हता. हातपंप मारून आतली हवा काढली. बायका वरून वाकून बघत होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, "बाटलीनं दूध पाजतायत."

गाडी चालू झाली. ताजस्सिरनं रेस दिली. मग सावकाश पाय काढला.

मी बिशाराचा हात धरला होता की त्यानं माझा, ते आता आठवत नाही. इंजिन खाली आलं, आणखी खाली आलं आणि तिथंच ठरलं. टक, टक, टक, टक. मडगार्डवर कुणीतरी ठेवलेल्या चहाच्या पेल्यात नुसती बारीक वलयं उठत होती. बायकांनी अशी किलकारी दिली की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"चला आता, पिंपावरच चला," हाजा बतूल घाई करू लागली.

"चाळीस मैल ती नळी कोण धरून बसणार हाजा?" ताजस्सिर म्हणाला. "आणि पिंप टाकीत ओतलं तर जाताना पोचू, पण येताना नवरीसकट वाळूत बसू. दुखणं टाकीत आहे हे कळलंय, तर ते काढूनच निघू."

"जोड कोरडे आहेत म्हणालात ना?" कल्तूमनं विचारलं. "मग बाहेर नाहीच ते. टाकीच्या आत नळी असते की नाही, बुडापर्यंत जाणारी? जादल्लाची एकदा काढली होती, कचरा अडकला म्हणून."

ताजस्सिरनं तिच्याकडं असं बघितलं, जणू इतकी वर्षं ती समोर बसली होती हे त्याला आज कळलं. त्यानं टाकीच्या माथ्यावरचा नट खोलला आणि आतली तांब्याची नळी हातभर लांब, ठिबकत बाहेर काढली. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसेना.

"बादली आणा. फुंकून बघू."

कल्तूमनं केटलीतल्या उकळत्या पाण्यानं आणि साबणानं नळी दोनदा धुतली. ताजस्सिरनं खालचं टोक अंगठ्यानं बंद करून नळी पाण्यात धरली. पण त्याच्या तोंडात डिझेल जाऊन घसा चरचरत होता, फुंकर निघेना. तेव्हा बिशारा माझ्याकडं वळून म्हणाला, "हात लावायचा नाही, कबूल. तोंडाचं काही ठरलेलं नाही ना?" आणि मी काही म्हणायच्या आत तो खाली उतरून, तलवार बगलेत मारून, कपाळावरची चंद्रकोर सावरत बादलीपाशी उकिडवा बसला आणि गाल फुगवून फुंकला.

नळीच्या बरोबर मध्यावरून बुडबुड्यांची माळ निघाली.

"ही बघा," कल्तूम म्हणाली. तिनं माझी बाही ओढली. "ही बघा मास्तर."

नखाएवढी चीर होती. टाकी भरलेली असली की ती डिझेलात बुडायची आणि काही कळायचं नाही. डिझेल तिच्या खाली उतरलं की गाडी डिझेलबरोबर हवाही ओढायची. रेस दिली की इंजिन ते पचवायचं, संथ चालीत मात्र ठसका लागायचा. महिनाभर ताजस्सिर शोधत होता ते हे, आणि ते अशा जागी होतं जिथं कोणाची नजरच पोचत नव्हती.

अड्ड्यावर केटल्या, पराती सांधणारा अब्बकर बसायचा. त्यानं चीर घासून तिला डाग दिला, वर तांब्याची पट्टी बसवून पुन्हा डाग दिला. पैसे विचारले तर म्हणाला, नवरदेवाकडून आज घेत नसतात. नळी पुन्हा बादलीत गेली, बिशारानं पुन्हा फुंकलं, जीव खाऊन फुंकलं. एकही बुडबुडा नाही. हाजा बतूल पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणत राहिली, "लग्नाच्या दिवशी गॅरेजवाल्यासारखा वास मारतोय माझा लेक."

नळी बसवली, पिंप टपावर तसंच राहू दिलं, अर्ध्यापेक्षा कमी टाकीवरच गाडी चालू केली. टक, टक, टक. ताजस्सिर पाच मिनिटं तसाच बसून ऐकत होता. मग तो खाली उतरला, कल्तूमपाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी महिनाभर दवा देत होतो. रोग हिनं ओळखला."

"आधी चुकले ना," ती म्हणाली.

"आधी मीही चुकलोच की. चारदा. चल, बस केबिनमध्ये. वाटेत काही झालं तर?"

"माझी शेगडी पेटलेली आहे."

"अब्बकर विझवेल," बिशारा म्हणाला. "मावशी, तू आली नाहीस तर मी उतरतो. मग बस माझ्या आईशी भांडत."

जादल्ला गेल्यापासून ती कुठल्याच लॉरीत चढली नव्हती. एक पाय पायरीवर ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग चढली. ताजस्सिर, ती, नवरदेव आणि दाराला चिकटलेला मी, असे आम्ही निघालो. पहिल्या वाळूच्या चढाला ताजस्सिरनं गिअर खाली टाकला, चाकं रुतली, चाल मंदावत मंदावत जवळजवळ थांबली. इंजिन खोल आवाजात गुरगुरलं आणि चढून गेलं. मागं दलूका बेभान झाली. कल्तूम खिडकीबाहेर बघत होती. गाल ओले होते, पण हसतही होती.

उन्हं कलायच्या आत उम्म हशाबला पोचलो. सगळं गाव समोर आलं होतं. ताजस्सिरनं नवरीच्या दारापुढं गाडी उभी केली, पण बंद केली नाही. नवरीचा आजा काठी टेकत आला आणि म्हणाला, "बंद करा की बाबा आता, आमची शेळी बुजते."

"थोडा वेळ राहू द्या आजोबा," बिशारा म्हणाला. "महिनाभरानं नीट ऐकतोय."

नाचगाणं सुरू झालं. कल्तूम लॉरीच्या पायरीवर बसून राहिली. नवरीकडची एक मुलगी लगबगीनं आली आणि तिच्या हातात चहाचा पेला देऊन गेली. तिनं तो दोन्ही हातांनी धरून सावकाश संपवला.

साखर कमी होती, असं तिनं आम्हाला परतीच्या वाटेवर सांगितलं.